मेलेल्यांची वर्गणी

चौतीस वर्षांच्या नोकरीतली बहुतेक प्रकरणं फाइल बंद झाली तशी डोक्यातूनही गेली. एक मात्र गेलं नाही. खरं तर त्यात गुन्हाही दाखल झाला नव्हता. अटक नाही, दोषारोपपत्र नाही, वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमीसुद्धा नाही. तरीही सकाळी एकटा चहा घेत बसलो की ते आठवतं, आणि चहा निवून जातो. त्यातली काही माणसं हयात आहेत, म्हणून नावं सांगणार नाही.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या ठाण्याचा मी प्रमुख होतो. आमच्या ठाण्याचा दिवस कारखान्यांच्या पाळ्यांवर चालायचा. पाळी सुटली की मोटारसायकल चोरीच्या तक्रारी, पगाराच्या आठवड्यात ठेकेदाराने मजुरी बुडवल्याच्या. बंद कारखान्यांतून तांब्याची तार आणि पत्रे चोरीला जायचे ते बाराही महिने.

एका सोमवारी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो. ठाणे अंमलदाराने एका माणसाला आत पाठवलं. वय पस्तिशीच्या पुढे, अंगात कंपनीचा निळा शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पावतीपुस्तक. खुर्ची दाखवली तरी तो बसला नाही.

"साहेब, माझे वडील चार वर्षांपूर्वी वारले," तो म्हणाला. "आणि गेल्या महिन्यात त्यांनी युनियनची वर्गणी भरलीय."

त्याने पुस्तक उघडून पावतीची स्थळप्रत दाखवली. वडिलांचं नाव, वीस रुपये, गेल्या महिन्याची सात तारीख, खाली खजिनदाराची सही. मग त्याने पानं उलटत आणखी नावं दाखवली. एकूण चाळीस. चाळीसही माणसं वारलेली.

हकिकत अशी होती. विजेच्या मोटारी बनवणारा एक कारखाना पुष्कळ वर्षांपूर्वी बंद पडला होता. चारशे कामगार रस्त्यावर आले. त्यांची एक छोटी युनियन होती, कुठल्याही पक्षाशी न जोडलेली. कारखाना बंद पडला तरी ती बंद पडली नाही, कारण थकलेला पगार आणि ग्रॅच्युइटी मिळवायची होती. वर्षानुवर्षं कोर्टात तारखा पडल्या. आता कोर्टाच्या हुकमाने जमीन विकली गेली होती आणि कामगारांची देणी वाटायची वेळ जवळ आली होती. तक्रारदाराचे वडील त्या कारखान्यात टर्नर होते. ते गेल्यावर उरलेल्या म्हाताऱ्यांनी या मुलाला सरचिटणीस केलं, कारण ऑनलाइन अर्ज भरणं आणि कोर्टात खेटे घालणं त्यांना झेपत नव्हतं. पैशाचा कारभार मात्र स्थापनेपासून एकाच माणसाकडे होता, खजिनदाराकडे.

"मी त्यांना लहानपणापासून काका म्हणतो," सरचिटणीस म्हणाला. "म्हणून आधी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, तू यात पडू नको. एवढंच. मग मी इथं आलो."

त्याचा संशय त्याने स्पष्ट सांगितला. मेलेल्या सभासदांना कागदावर जिवंत ठेवायचं आणि देणी वाटायला आली की त्यांच्या नावाने उचलायची. माझ्यासोबत उभे असलेले हवालदार पंचवीस वर्षं नोकरी केलेले, इगतपुरीकडचे. ते तक्रारदार बाहेर जाताच म्हणाले, "साहेब, सरळ केस हाय. रेशनच्या कार्डात असंच करत्यात."

मलाही तसंच वाटलं. पेन्शनमध्ये, रेशनमध्ये, पीक अनुदानात मेलेली माणसं जिवंत झालेली मी पाहिली होती. तक्रार अर्ज घेतला, प्राथमिक चौकशी सुरू केली आणि खजिनदारांना बोलावणं पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ते हजर झाले. सत्तरीचे, किडकिडीत, दाढी स्वच्छ केलेली. गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीत दिवसपाळीला वॉचमन होते, त्याच गणवेशात आले होते. टोपी काखेत धरून त्यांनी "जय भीम साहेब" म्हटलं आणि बरोबर आणलेली सगळी दप्तरं माझ्या टेबलावर ठेवली. रोकडवह्या, पावतीपुस्तकं, बँकेची पासबुकं. मी मागितलीही नव्हती. बरोबर त्यांची पत्नी होती. तिला नीट ऐकू येत नव्हतं. ती बाहेर बाकावर मांडीवर डबा घेऊन बसली.

"या पावत्या कुणी फाडल्या?" मी विचारलं.

"मी."

"ही माणसं जिवंत आहेत?"

"नाहीत."

"मग पैसे कुणी भरले?"

ते गप्प बसले. मी तोच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी चार वेळा विचारला. हवालदारांनी आवाज चढवला. "ए म्हाताऱ्या, साहेब नीट विचारतायत तोवर बोल. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा चोर तू!"

म्हातारा पहिल्यांदा वर बघून बोलला. "चोर म्हणू नका, दादा. बाकी काय लिहायचं ते लिहा. मी सही करतो."

इतक्या वर्षांत एक गोष्ट लक्षात आली होती. ज्याने पैसे खाल्लेत तो बोलतो. पुष्कळ बोलतो, दुसऱ्याचं नाव घेतो, वकील बोलावतो, आणि आमच्याकडे पुरावा काय आहे याचा अंदाज घेतो. या माणसाने काहीच विचारलं नाही. फक्त त्याची नजर दर थोड्या वेळाने दाराकडे जायची, जिथून बाकाचं टोक आणि पत्नीची पावलं दिसत होती. मला वाटलं, पळायची वाट शोधतोय. नजर ओळखण्यात मी स्वतःला हुशार समजत असे, आणि तिथेच चुकलो.

तीन दिवस ते येत राहिले. दहा ते पाच. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीचा ठाण्यात फोन आला. आमच्या वॉचमनवर पोलीस केस आहे हे खरं का, असं विचारत होता. मी म्हटलं, चौकशी चालू आहे. तो म्हणाला, मग आम्हाला दुसरा माणूस बघावा लागेल. मी बरं म्हणून फोन ठेवला. त्या एका 'बरं'ने म्हाताऱ्याची नोकरी गेली, हे मला त्या वेळी सुचलंही नाही.

दरम्यान मी दप्तरं वाचायला घेतली. हिशेब तपासणं हे पोलिसाचं आवडीचं काम नाही. पण त्या वह्या मी एकदा उघडल्या आणि बाजूला ठेवू शकलो नाही.

पहिल्या वहीत वर्गणी दोन रुपये होती. चारशे नावं, आणि प्रत्येक महिन्याच्या सात तारखेला, म्हणजे पगाराच्या दिवशी, जवळजवळ सगळी भरलेली. खर्चात टेबलाचं भाडं, सतरंजी, गेटसभेचा लाउडस्पीकर, चहा. मग एक वर्ष असं आलं की जमेची बाजू कोरी. तो संपाचा काळ. त्या चार महिन्यांत खर्चाच्या बाजूला फक्त तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल आणि कुणाच्या तरी बाळंतपणाचे दोनशे रुपये. संप मिटल्यावरच्या पहिल्या सात तारखेला मागची सगळी थकबाकी भरून आलेली होती. एकाचीही राहिली नव्हती. ते पान मी दोनदा वाचलं.

'हार' असं एक खातं होतं. सुरुवातीच्या वर्षांत हार मुंबईहून येणाऱ्या पुढाऱ्यांना घातलेले. मधल्या वर्षांत निवृत्त होणाऱ्या सभासदांना. कारखाना बंद पडल्यावर काही वर्षं ते खातं रिकामं राहिलं आणि मग पुन्हा भरू लागलं. आता समोर 'अंत्यविधी' असं लिहिलेलं. दोन-तीन महिन्यांनी एक हार, कधी एकाच महिन्यात दोन. खाली वकील फी, झेरॉक्स, एसटीचं तिकीट. अक्षर पहिल्या वहीपासून शेवटच्या वहीपर्यंत त्याच माणसाचं, फक्त हळूहळू थरथरत गेलेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पासबुक आणि रोकडवही शेजारी शेजारी ठेवली, आणि जे पहिल्या तासात दिसायला हवं होतं ते दिसलं. अपहाराच्या प्रकरणात खर्च खोटा असतो. न घेतलेल्या वस्तूंची बिलं असतात, न केलेल्या प्रवासाची भाडी असतात. इथे खर्चाची प्रत्येक चिठ्ठी खरी होती. खोटी होती ती जमा. आणि ती खोटी जमा खऱ्या नोटांनी दर महिन्याला बँकेत भरलेली होती. खात्यातून एक रुपयाही वावगा निघालेला नव्हता.

चोर घरात घुसून पैसे ठेवून जातो, असा गुन्हा मी कधी पाहिला नव्हता.

तरी संशय पुरता गेला नाही. आज थोडं टाकायचं आणि उद्या मोठं उचलायचं, असंही असू शकतं. म्हणून मी त्या चाळीसांपैकी एकाच्या घरी जायचं ठरवलं. कारखान्यात क्रेन चालवणाऱ्या एका सभासदाची विधवा दिंडोरी तालुक्यात माहेरच्या गावी राहत होती. हवालदारांना घेऊन जीपने गेलो. ती द्राक्षाच्या बागेत घडांची विरळणी करत होती. पोलिसांची गाडी बघून कात्री हातात तशीच घेऊन बांधावर आली.

"युनियनचे खजिनदार तुमच्याकडे येतात का?" मी विचारलं.

"ते भाऊ? दर दिवाळीला येत्यात. का वं, त्यांना काय झालं?"

"काही झालं नाही. पैसे मागतात का? कशावर सही, अंगठा घेतला का?"

"पैसं? नाय बा. उलट पोरींना फराळाची पिशवी आणत्यात. आन् सही घेतली व्हती एकदा, लय वर्सं झाली. कागद हाय घरात. म्हणलं व्हतं, ताई, पेटीत ठेव. कुणी एजंट आला तर दावू नको."

घरी जाऊन तिने पत्र्याच्या पेटीतून तो कागद काढला. कामगार कार्यालयात दाखल केलेल्या दाव्याच्या अर्जाची झेरॉक्स होती. सभासद मयत, वारस पत्नी, तिचा बँक खाते क्रमांक, सोबत मृत्यूचा दाखला. वर कार्यालयाचा शिक्का, सहा वर्षांपूर्वीचा. अक्षर खजिनदारांचं.

परत येताना कामगार कार्यालयात उतरलो आणि उरलेले अर्ज तपासले. चाळीसच्या चाळीस माणसं तिथे मयत म्हणून दाखवलेली होती आणि प्रत्येकापुढे खऱ्या वारसाचं नाव होतं. अर्जानंतर वारलेल्यांचे दाखले मागाहून जोडलेले होते. म्हाताऱ्याने गावोगाव फिरून ते गोळा केले होते. मेलेल्यांचे पैसे उचलायचे असते तर त्याने हे कधीच केलं नसतं.

जीपमध्ये हवालदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "साहेब, मंग हा गडी पावत्या कशापायी फाडतोय?"

ठाण्यात आलो तेव्हा चार वाजले होते. खजिनदार बाकावर पत्नीशेजारी बसले होते. सरचिटणीसालाही पुरवणी जबाबासाठी बोलावलं होतं, तो दुसऱ्या टोकाला उभा होता. काका-पुतण्यासारखी ती दोन माणसं एकमेकांकडे बघत नव्हती. मी आत जाऊन पावतीपुस्तकं पुन्हा उघडली. इतके दिवस मी स्थळप्रतींची फक्त पुढची बाजू पाहत होतो. त्या दिवशी पान उलटताना मागे पेन्सिलीने लिहिलेलं काहीतरी दिसलं. अक्षर बारीक होतं, उजेडाकडे धरावं लागलं.

क्रेनवाल्याच्या पावतीमागे: 'नाणीच दिली. सवय जात नाही.' पेंट शॉपमधल्या, म्हणजे कारखान्याच्या रंगखात्यातल्या एकाच्या मागे: 'उद्या देतो म्हणाला. मी म्हटलं आज दे.' आणखी एकाच्या मागे: 'खोकला वाढलाय. डॉक्टरकडे जा म्हटलं.' सगळी माणसं पावतीच्या तारखेआधी कित्येक वर्षं गेलेली. मी भराभर पुस्तकं उलटली. दर महिन्याला, प्रत्येकाच्या मागे काही ना काही होतं.

मी खजिनदारांना आत बोलावलं, हवालदारांना बाहेर थांबायला सांगितलं आणि ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते पाहिलं आणि पहिल्यांदा ओशाळले. चोरी पकडली गेल्यासारखे नाही, एखाद्याने आपलं पत्र वाचल्यासारखे.

"आता बोला," मी म्हटलं. "मी दिंडोरीला जाऊन आलो. तुम्ही पैसे खाल्ले नाहीत हे मला कळलंय."

ते सांगू लागले. "सुरुवातीला वकिलानं सांगितलं होतं, साहेब. सभासद कमी झाले तर नोंदणी जाईल, नोंदणी गेली तर दावा जाईल. म्हणून मी गेलेल्यांची वर्गणी भरायला लागलो. मग दुसरा वकील आला. तो म्हणाला, प्रत्येकाचा दावा वेगळा दाखल झालाय, आता युनियन राहो न राहो, फरक पडत नाही."

"हे कधी कळलं?"

"सहा वर्षं झाली. अर्ज दाखल झाले तेव्हाच."

"मग त्यानंतर का भरत राहिलात?"

त्यांनी टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "तुम्ही हसाल."

"नाही हसणार."

"सात तारखेला मी गेटवर टेबल मांडायचो. पाळी सुटली की रांग लागायची. तेलाचे हात, पावतीवर काळे अंगठे उमटायचे. मी नाव पुकारायचो, माणूस म्हणायचा, हाय. चारशे वेळा हाय. कुणी शिव्या द्यायचा, कुणी तंबाखू पुढं करायचा. साहेब, माझा बाप गावकुसाबाहेर वाढला. त्याचं नाव कुणी धड घेतलं नाही. इथं मी नाव घेतलं की चारशे माणसं ओ द्यायची, आन् माझ्या हातात विश्वासानं पैसे द्यायची. ते सगळं गेलं. दुसरा वकील तसं म्हणाला तेव्हा गेलेल्यांची नावं गाळायला बसलो. पहिल्याच, पेंट शॉपवाल्याच्या नावावर पेन आला आन् पुढं जाईना. गाळलं तर तो परत मरेल असं वाटलं. म्हटलं, वीस रुपयांचा तर प्रश्न आहे. मग दुसऱ्याचं राहिलं, तिसऱ्याचं राहिलं. आता घरात कोपऱ्यात बसतो, एकेक नाव घेतो, पावती फाडतो. नाव घेतलं की माणूस समोर येऊन उभा राहतो. दोन मिनिटं राहतो, साहेब. तेवढं पुरतं महिनाभर."

मी हसलो नाही. मनात हिशेब केला. चाळीस माणसं, वीस रुपये, महिन्याला आठशे. नऊ हजार पगाराच्या वॉचमनसाठी ती थोडी रक्कम नव्हती.

"हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. तेव्हा मला ती नजर कळली.

"तिला पगार आठ हजार सांगितलाय," ते हळू म्हणाले. "तिच्या कानाचं मशीन घ्यायचं होतं. दर वर्षी म्हणतो, पुढच्या वर्षी."

मी त्यांना सांगितलं की जबाबात हे लिहावं लागेल आणि जबाब कुणाच्याही हातात जाऊ शकतो. कागदातून कळण्यापेक्षा तुम्ही सांगा. त्यांनी मान हलवली आणि उठले.

ते बाकाशी गेले आणि पत्नीच्या कानाशी वाकून पुटपुटले. तिला ऐकू गेलं नाही. "काय?" ती म्हणाली. ते जरा मोठ्याने बोलले. "काय म्हणताय?" शेवटी त्या माणसाने, ज्याने तीन दिवस आमच्यापुढे तोंड उघडलं नव्हतं, भर ठाण्यात ओरडून सांगितलं. "मी मेलेल्यांची वर्गणी भरत होतो! माझ्या पगारातनं!"

वायरलेसवरचा शिपाई वळून बघू लागला. तक्रार लिहून देणारा एक माणूस लिहायचा थांबला. सरचिटणीस भिंतीला टेकून उभा होता तो सरळ झाला.

बाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. "किती?"

"आठशे! महिन्याला!"

त्यांनी मांडीवरचा डबा बाकावर ठेवला. त्यांचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात होता आणि सात वर्षांपूर्वी वारला होता, हे मला यादीवरून माहीत होतं. त्यांनी विचारलं, "माझ्या भावाची भरली?"

"भरली! एक महिना चुकवला नाही!"

बाईंनी डोळे पुसले. मग त्याच आवाजात म्हणाल्या, "आणि माझ्या कानाचं मशीन?"

खजिनदार टोपी हातात फिरवत राहिले. बाईंनी डबा उचलला आणि त्यांच्याकडे न बघता बाहेरच्या पायरीवर जाऊन बसल्या.

मी सरचिटणीसाला आत घेतलं. त्याच्या वडिलांच्या नावाचं एक पान मी आधीच काढून ठेवलं होतं. ते दोन वर्षांपूर्वीचं होतं. त्याने उजेडाकडे धरून वाचलं: 'पोराचं लग्न झालं म्हणून सांगितलं. आज वीस रुपये हसत दिले.'

"माझं लग्न वडील गेल्यावर दोन वर्षांनी झालं," तो म्हणाला. पुन्हा वाचलं. "माझ्या लग्नात काका मागच्या रांगेत बसले होते. कुणी बोलवलं तरी पुढं येईनात." मग त्याने पुस्तक मिटलं आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. बाहेर जाऊन तो पायरीवर बाईंच्या शेजारी बसला. काय बोलले मला माहीत नाही. थोड्या वेळाने तिघंही एका रिक्षातून गेले.

मी अहवाल लिहिला. खोटी नोंद होती हे खरं, पण ना कुणाला लबाडीने लाभ झाला ना कुणाचं नुकसान, म्हणून दखलपात्र गुन्हा निष्पन्न होत नाही. वरिष्ठांनी फोन करून विचारलं, "मग हेतू काय लिहायचा?" कायद्याला हेतू लागतो. मी म्हटलं, सर, लिहिता येण्यासारखा नाही. ते म्हणाले, ठीक आहे, रेकॉर्ड दुरुस्त करून घ्या.

ते मात्र करावंच लागलं. खजिनदार सभासद नोंदवही घेऊन आले आणि माझ्यासमोर लाल पेनाने एकेका नावावर रेघ मारली. प्रत्येक रेघेआधी ते ओठ हलवत होते. चाळीस रेघांना पाऊण तास लागला. मी घाई केली नाही. हवालदार चहा घेऊन आले, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून म्हाताऱ्यापुढे ठेवला आणि काही न बोलता निघून गेले. त्यानंतर मी सोसायटीच्या सेक्रेटरीला स्वतः भेटायला गेलो. तिथे नवीन वॉचमन लागला होता. शेजारच्या इमारतीत जागा होती, तिथे शब्द टाकला.

देणी वाटली गेली तेव्हा माझ्या निवृत्तीला महिना उरला होता. बंदोबस्ताची गरज नव्हती, तरी गेलो. दिंडोरीची बाई दोन्ही मुलींना घेऊन आली होती. सरचिटणीस लॅपटॉप घेऊन बसला होता आणि खजिनदार दारात उभे राहून प्रत्येकाला कुठला कागद वर ठेवायचा ते सांगत होते. त्यांच्या पत्नीच्या कानात नवं मशीन होतं. मी विचारलं, "मावशी, आता येतं का ऐकू?"

"येतं की," त्या म्हणाल्या. "ह्यांचं सगळं येतं. पण काही खास बोलत नाहीत हो."

त्याच दिवशी युनियनची शेवटची सभा झाली. खात्यात शिल्लक होती ती खजिनदारांना परत द्यावी, असं सरचिटणीसाने मांडलं. म्हातारा उभा राहिला आणि म्हणाला, "वर्गणी परत करायची पद्धत नाही." ती रक्कम सर्वांत म्हाताऱ्या विधवेला औषधासाठी द्यायचं ठरलं, युनियन विसर्जित झाली, सह्या झाल्या.

मी निवृत्त झालो. त्यांच्या घरी एकदा जाऊन यायचं मनात होतं. आज जाऊ, उद्या जाऊ असं करत दोन हिवाळे गेले. मग सरचिटणीसाचा फोन आला. काका गेले होते, पंधरा दिवस होऊन गेले होते. "तुमचा नंबर सापडायला वेळ लागला, साहेब," तो म्हणाला.

नोकरीच्या उरलेल्या महिन्यांत मी नव्या अधिकाऱ्यांना या प्रकरणातून एवढंच शिकवत असे की पैसा कुठल्या दिशेने जातो ते आधी बघा, आणि गप्प बसलेला माणूस गुन्हाच लपवतोय असं धरून चालू नका. ते बरोबरच आहे. पण त्या फोननंतर मला कळलं की मी त्यातलं अर्धंच शिकलो होतो. माणसांची ओढ काय असते ते त्या म्हाताऱ्याने मला स्वच्छ दाखवलं होतं, आणि मी त्याचा अहवाल लिहून मोकळा झालो होतो. माझ्या बरोबरीने भरती झालेल्यांपैकी किती आता आहेत, मला सांगता आलं नसतं. ठाण्यात दिवसाला शंभर माणसं मला साहेब म्हणायची. गंगापूर रोडला सकाळी फिरताना आता मला कुणी ओळखत नाही, आणि त्याबद्दल मी माझ्या मनाशीसुद्धा कधी बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी इगतपुरीची गाडी पकडली. आमचे हवालदार निवृत्त होऊन तिथे गावाबाहेर भातशेती करतात. पाऊस कोसळत होता. ते ओसरीत विळ्याला धार लावत बसले होते. मला बघून उठले आणि सवयीने टाचा जुळवल्या. मग दोघंही हसलो. खजिनदार गेल्याचं मी सांगितलं. त्यांनी विळा बाजूला ठेवला.

"मी त्याला चोर म्हणालो व्हतो," ते म्हणाले. "माफी मागायची राह्यली. त्या दिवशी चहा ठेवला, पण तोंडानं नाय निघालं."

आम्ही दुपारभर बसलो. फार बोललो नाही. जुन्या ठाण्यातले कोण कुठे आहेत, त्यांची नावं एकेक करून निघाली. निघताना ते छत्री घेऊन रस्त्यापर्यंत आले.

मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात येतो. असाच, न सांगता."

"नगा साहेब," ते म्हणाले. "आदी फोन करा. म्हंजी सकाळधरनं वाट बघता येईल."